डोमेन कंट्रोलर जागच्या जागी बदलावा काय?

डोमेन कंट्रोलरवर नवी सर्व्हर प्रणाली आणायची म्हटली, की एक सल्ला हमखास मिळतो: चालू यंत्रावरच इन-प्लेस अपग्रेड करा. हे मत अविचारी नाही. म्हणून आधी ते पूर्ण बळानिशी मांडू. यंत्राचे नाव आणि आयपी पत्ता तोच राहतो. नवा सर्व्हर उभारण्याचा खटाटोप वाचतो. मायक्रोसॉफ्टला ही पद्धत अमान्य नाही. विंडोज सर्व्हर 2012 आर2 वरून थेट 2025 वर जाण्याचीही आता सोय आहे. मग वाद कशाला?

वाद यासाठी, की पूर्वपक्ष जे जपू पाहतो ते त्या यंत्रात नाहीच. विंडोज 2000 बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली ती या तत्त्वावर, की डोमेनची माहिती अनेक कंट्रोलरांकडे असावी आणि एकाकडचा बदल रेप्लिकेशनने सगळ्यांकडे पोचावा. खाती, पासवर्ड, ग्रुप पॉलिसी यांपैकी काहीही एका यंत्राच्या मालकीचे नाही. नवा सर्व्हर डोमेन कंट्रोलर केला, की हे सारे त्याच्याकडे येते. मग जुन्या यंत्रातून वाचवायचे ते काय? वर्षानुवर्षे साचलेले ड्रायव्हर आणि कुणी, का केल्या हे कुणालाच न आठवणाऱ्या सेटिंग्ज?

नावाचा मुद्दा घेऊ. क्लायंट संगणक डीएनएसमधल्या एसआरव्ही नोंदी पाहून कंट्रोलर शोधतो. विशिष्ट नावावर तो विसंबत नाही. आयपी पत्त्याला महत्त्व आहे, हे मान्य. पण जुना कंट्रोलर डिमोट करून बाजूला केला, की तोच पत्ता नव्याला देता येतो.

श्रम वाचतात, हे तरी खरे का? इन-प्लेस अपग्रेड करा किंवा नवा सर्व्हर जोडा, स्कीमा वाढवणे दोन्ही मार्गांत अटळ. सिसव्हॉल अजून जुन्या एफआरएसवर असेल, तर ते आधी डीएफएसआरवर नेणेही अटळ. आणि ती थेट उडी? 2025 च्या डोमेन कंट्रोलरला किमान 2016 ची फंक्शनल लेव्हल लागते, आणि 2012 आर2 चा एकही कंट्रोलर डोमेनमध्ये असेतो ती गाठता येत नाही. साध्या सर्व्हरला जमणारी उडी डोमेन कंट्रोलरला जमत नाही.

अपग्रेड मध्येच फसले, तर पहिल्या मार्गात चालता कंट्रोलरच हातचा जातो. दुसऱ्या मार्गात नवा सर्व्हर काढून टाकायचा. जुना चालूच असतो.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम आक्षेप अखेरीस. जुन्या कंट्रोलरवरच सर्टिफिकेट सर्व्हिसेस असतील, तर त्या हलवल्याशिवाय त्याला डिमोट करता येत नाही. खरे आहे. पण यातून जुन्या रचनेचा दोष सिद्ध होतो, इन-प्लेस अपग्रेडचा गुण नव्हे. तो दोष नव्या प्रणालीखाली आणखी काही वर्षे झाकून ठेवायचा काय?

मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे मार्गदर्शनही नवा कंट्रोलर जोडून जुना काढण्यालाच पसंती देते. नवा जोडावा, रेप्लिकेशन तपासावे, पाचही एफएसएमओ भूमिका हलवाव्यात, पीडीसी एम्युलेटरची वेळ बाहेरच्या खात्रीच्या स्रोताशी जुळवावी, मगच जुना डिमोट करावा. यातल्या प्रत्येक पायरीवर थांबता येते, पडताळता येते. इन-प्लेस अपग्रेड अशी उसंत देत नाही. न्याय वाचकांनीच करावा. जपायचे आहे ते डोमेन, यंत्र नव्हे.