हायाबुसाला टर्बो लावला की नेमकं काय बदलतं? ताकद, तडजोडी आणि कायदा समजून घ्या

रील्समध्ये हे दृश्य आता नवं राहिलेलं नाही. लांबुळकी हायाबुसा, मागचं चाक नेहमीपेक्षा वीतभर मागे आणि इंजिनच्या पुढे गोगलगायीच्या शंखासारखा दिसणारा धातूचा भाग. थ्रॉटल सोडला की 'फिस्स' असा आवाज येतो आणि खाली कॉमेंट्समध्ये एकच प्रश्न असतो: "भाई, टर्बो कितीला बसतो?"

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. टर्बो हा एक पार्ट आहे. तो बसवल्यावर बाकीच्या बाईकला जे झेपवावं लागतं, ते खरं काम. ते काम अर्धवट राहिलं, तर नुकसान फक्त इंजिनचं होत नाही. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊया.

टर्बोसाठी सगळ्यांना हायाबुसाच का हवी?

सुझुकीने ही बाईक १९९९ मध्ये आणली. जपानी भाषेत 'हायाबुसा' म्हणजे बहिरी ससाणा. १,२९९ सीसी इंजिन, सुमारे १७३ हॉर्सपॉवर आणि ताशी ३१० किलोमीटरच्या आसपासचा वेग, हे आकडे त्या काळात थक्क करणारे होते. युरोपात वेगवान बाईक्सवर बंदी येईल अशी चर्चा सुरू झाली. मग जपानी आणि युरोपीय कंपन्यांनी आपसात ठरवून नव्या बाईक्सचा कमाल वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आत अडवला. आजही हायाबुसा २९९ वर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने थांबते.

२००८ मध्ये इंजिन १,३४० सीसीचं झालं, २०२१ मध्ये तिसरी पिढी आली. आपल्याकडे ही बाईक घराघरांत पोहोचली ती २००४ च्या 'धूम'मुळे. जॉन अब्राहम त्यात हायाबुसावर होता. २०१६ पासून ती भारतात सुट्या भागांतून जोडली जाऊ लागली.

ट्युनिंग करणाऱ्यांना ती आवडते याचं कारण मात्र वेगळं आहे. इंजिन मोठं आहे, भक्कम आहे आणि अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमुळे तिच्यासाठी लागणारे जवळपास सगळे पार्ट तयार मिळतात. तिकडे ५०० हॉर्सपॉवरच्या पुढे गेलेल्या हायाबुसा आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

टर्बोचार्जर काम कसं करतो?

इंजिनची ताकद शेवटी एका गोष्टीवर ठरते: एका वेळी किती हवा आत जाते. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद जास्त मिळते. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना हवा ओढून घेतं. टर्बो हवा आत ढकलतो.

त्यासाठी लागणारी शक्ती तो सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूतून घेतो. हा वायू एका छोट्या पंख्याला, म्हणजे टर्बाइनला फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो म्हणजे कॉम्प्रेसर. हा बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवतो. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे मारू शकतो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्येच घेतलं होतं.

या जादा दाबाला 'बूस्ट' म्हणतात. समजा ०.५ बार, म्हणजे साधारण ७ पीएसआय बूस्ट दिला. नेहमीच्या हवेचा दाब साधारण १ बार असतो, म्हणजे इंजिनात दीडपट दाबाने हवा चालली. कागदावर १७३ हॉर्सपॉवरचे २६० होतात. प्रत्यक्षात थोडे कमी, कारण दाबलेली हवा तापते आणि विरळ होते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तसंच. १ बार बूस्टला ही हवा सहज १०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ती थंड करायला इंटरकूलर लावतात.

रील्समधला तो 'फिस्स' आवाज ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा असतो. थ्रॉटल अचानक बंद झाला की दाबलेल्या हवेला जायला जागा उरत नाही, ती या व्हॉल्व्हमधून बाहेर सोडली जाते. आवाज हा परिणाम आहे, मुख्य काम टर्बोचं रक्षण करण्याचं.

इंजिनमध्ये काय काय बदलावं लागतं?

हायाबुसाचं इंजिन टर्बोसाठी बनवलेलं नाही. पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण आधीच खूप दाबतो. पहिल्या पिढीत हे प्रमाण ११ ला १ होतं, दुसऱ्या पिढीपासून १२.५ ला १. त्यात टर्बोने आणखी दाबलेली हवा आली की मिश्रण स्पार्क पडल्यानंतर नीट जळण्याऐवजी ठिकठिकाणी फुटतं. यालाच मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात. जास्त बूस्टवर काही सेकंदांचं नॉकिंगही पिस्टनला भोक पाडायला पुरेसं ठरू शकतं. ते टाळण्यासाठी हे बदल येतात:

• कॉम्प्रेशन कमी करणं: सिलिंडरच्या खाली जाड स्पेसर प्लेट बसवतात किंवा कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन टाकतात.

• पेट्रोलचा पुरवठा: मोठे इंजेक्टर आणि जास्त दाबाचा फ्युएल पंप लागतो. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर मिश्रण 'लीन' होतं, तापमान चढतं आणि पिस्टन वितळतो.

• ईसीयू मॅपिंग: कोणत्या आरपीएमला, किती बूस्टला, किती पेट्रोल आणि स्पार्क कधी, हे सगळं नव्याने लिहावं लागतं. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. बूस्टमध्ये मात्र ट्युनर हे प्रमाण १२ च्या खाली-वर ठेवतात. जादा पेट्रोलमुळे सिलिंडर थंड राहतो.

• वेस्टगेट: बूस्ट ठरलेल्या मर्यादेच्या पुढे गेला की जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारा दरवाजा. हा अडकला तर बूस्ट चढतच जातो.

• ऑइल: टर्बोच्या बेअरिंगला सतत ऑइल लागतं. बाईकमध्ये जागा कमी असल्याने टर्बो इंजिनच्या पुढे, बऱ्याचदा इतका खाली बसतो की ऑइल आपोआप परत येत नाही. ते ओढून घ्यायला वेगळा पंप लावावा लागतो.

• हेड स्टड आणि कनेक्टिंग रॉड: बूस्ट जितका जास्त, तितका सिलिंडर हेड उचलला जाण्याचा आणि रॉड वाकण्याचा धोका. म्हणून हे भाग मजबूत घालतात.

आणि इंजिनच्या बाहेर?

पहिला बळी जातो क्लचचा. मूळ क्लच प्लेट्स इतका जोर धरू शकत नाहीत, घसरतात. त्यावर उपाय म्हणजे लॉक-अप क्लच. त्यातली वजनं आरपीएम वाढेल तशी बाहेर फेकली जातात आणि प्लेट्स आणखी घट्ट दाबतात.

दुसरी अडचण पुढच्या चाकाची. ३०० हॉर्सपॉवरला पुढचं चाक जमिनीवर राहायला तयार नसतं. म्हणून स्विंगआर्म लांब करतात, बाईक खाली बसवतात. रील्समधला तो लांबुळका लूक स्टाइलसाठी नाही, चाक उचललं जाऊ नये म्हणून आहे. मात्र त्याची किंमत वळणावर मोजावी लागते. लांब आणि बुटकी बाईक सरळ रेषेत उत्तम धावते, पण घाटात वळायला नको म्हणते. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासतं ते वेगळंच.

म्हणून चांगले ट्युनर प्रत्येक गिअरला वेगळा बूस्ट देतात: पहिल्या-दुसऱ्या गिअरला कमी, पुढे वाढत जाणारा. सगळी ताकद एकदम टायरवर आली, तर टायर फक्त फिरतो.

कंपन्या स्वतःच टर्बो बाईक का विकत नाहीत?

विकून झाल्या आहेत. १९७८ मध्ये अमेरिकेत कावासाकीची झेड१आर-टीसी टर्बोसह विकली गेली. १९८२ मध्ये होंडाने सीएक्स५०० टर्बो आणली. मग यामाहाची एक्सजे६५० टर्बो, सुझुकीची एक्सएन८५ आणि कावासाकीची जीपीझेड७५० टर्बो आली. काही वर्षांतच सगळ्या बंद झाल्या.

कारण साधं होतं. या बाईक्स महाग आणि जड होत्या. थ्रॉटल दिल्यावर क्षणभर काहीच व्हायचं नाही आणि मग एकदम धक्का बसायचा. याला टर्बो लॅग म्हणतात. कारमध्ये तो चालून जातो. वळणात झुकलेल्या बाईकवर तो रायडरला पाडू शकतो. तेवढीच ताकद मोठ्या साध्या इंजिनातून स्वस्तात मिळू लागली आणि विषय संपला.

२०१५ मध्ये कावासाकीने निन्जा एच२ आणली, पण त्यात टर्बो नाही, सुपरचार्जर आहे. तो इंजिनच्या क्रँकवरून फिरतो, त्यामुळे लॅग जवळपास नसतो. होंडाने २०२४ मध्ये विजेवर चालणारा कॉम्प्रेसर असलेलं व्ही३ इंजिन दाखवलं. दोन्ही कंपन्यांनी लॅगवर उत्तर शोधलं, पण टर्बोकडे परत गेल्या नाहीत.

भारतात हे कायदेशीर आहे का?

रस्त्यावर चालवायची असेल, तर नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी मुळातून बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. रंगासारखा बदल आरटीओमध्ये नोंदवून करता येतो. टर्बो, लांब स्विंगआर्म आणि रेसिंग एक्झॉस्ट त्यात बसत नाहीत.

कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या नियमभंगासाठी कलम १९० आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या मॉडिफाइड सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

दंडापेक्षा मोठा फटका विम्याचा. न कळवलेले बदल निघाले, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. अपघातात दुसऱ्याचा जीव गेला, तर ते प्रकरण कुटुंबाला वर्षानुवर्षं पुरतं.

खरी मर्यादा कुठे आहे?

ताकद विकत घेता येते, थांबण्याचं गणित बदलता येत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेकना चौपट ऊर्जा गिळावी लागते. ताशी ३०० ला बाईक सेकंदाला ८३ मीटर जाते. समोर कुत्रं दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तरी चार क्रिकेट पिच मागे पडलेल्या असतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तर दुचाकीला प्रवेशच नाही. बाकी कुठल्या रस्त्यावर हा वेग वापरणार?

या खेळाचं टोक पाहायचं असेल, तर अमेरिकेचे बिल वॉर्नर आठवावेत. जुलै २०११ मध्ये मेन राज्यातल्या लोरिंग या जुन्या हवाई तळावर त्यांनी टर्बो हायाबुसा ताशी ३११.९४५ मैल, म्हणजे सुमारे ५०२ किलोमीटर वेगाने पळवली. अंतर होतं दीड मैल. दोन वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, तिथेच एका मैलात ३०० मैलांचा वेग गाठण्याच्या प्रयत्नात त्यांचा ताबा सुटला आणि मृत्यू झाला. रिकामी धावपट्टी, पूर्ण सेफ्टी गिअर, वर्षांचा अनुभव, सगळं असूनही.

मग शौक असेल तर?

मार्ग आहे. बाईक फक्त ट्रॅकसाठी ठेवा, ती ट्रेलरवरून न्या-आणा. चेन्नई आणि कोइम्बतूरला रेसिंग ट्रॅक आहेत. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग रेस झाली आहे. अशा स्पर्धांत गाडीची तपासणी होते, ॲम्ब्युलन्स उभी असते आणि समोरून कुणाचा टेम्पो येत नाही.

आणि गॅरेजवाल्याला "कितीला बसतो?" विचाराल, तेव्हा पुढचे तीन प्रश्नही विचारा: मॅपिंग डायनोवर कोण करणार? क्लच आणि ब्रेकचं काय? नॉकिंग झालं तर बूस्ट आपोआप कमी होणार का? यांची नीट उत्तरं मिळाली नाहीत, तर दुसरं गॅरेज शोधा.