फुलदाणीच्या तळाशी लिहिलेले नाव

तैपेई येथील राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात अठराव्या शतकातील चिनी शाही फुलदाण्या जतन केलेल्या आहेत. त्यांच्या दुधासारख्या शुभ्र अंगावरील मीनाकारीची गुलाबी फुले नुकतीच खुडल्यासारखी भासतात.

हे पात्र घडे जिंगदेझेन या कुंभारनगरीत. तेथे सुमारे १३०० अंशांच्या भट्टीतून निघालेले कोरे पात्र बीजिंगच्या राजवाड्यात येई. चित्रकार त्यावर मिना, म्हणजे काचेच्या पुडीचा रंग, कुंचल्याने चढवीत आणि ते मंद आचेवर पुन्हा भाजले जाई. गुलाबी छटा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांतून उमटे.

युरोपातील मीनाकारीचा सम्राट कांगशी याला मोठा मोह. चित्रकला येते, तेव्हा हेही येईलच, असे मानून १७१६ साली त्याने फादर मत्तेओ रिपा व येशूसंघाचे ब्रदर जुझेप्पे कास्तिल्योने यांना या कामाला जुंपले. दोघेही या विद्येत अनभिज्ञ होते आणि आयुष्य कारखान्यातच सरेल, ही धास्ती होती. म्हणून त्यांनी मुद्दाम इतके वाईट रंगविले की, सम्राटानेच ‘पुरे’ म्हटले! रिपा यांनीच हे प्रांजळपणे नमूद केले आहे. पुढे १७१९ मध्ये फ्रान्समधून मीनाकारीत निष्णात असे ब्रदर ग्राव्हरो दाखल झाले.

१७२४ साली सम्राट योंगझेंगने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. मात्र दरबारातील कुशल मिशनऱ्यांना त्याने ठेवून घेतले. १७२८ मध्ये राजवाड्याच्या कारखान्यात मिन्याचे नवे रंग तयार होऊ लागले. परदेशी रंगांची निकड ओसरली. धर्म नको, हात हवेत, असा तो काळ होता.

त्याच काळात कास्तिल्योने दरबारी चित्रकार म्हणून राबत राहिले. १७३६ साली नवा सम्राट च्येनलुंग त्यांचे काम पाहावयास आला, तेव्हा त्यांनी गुडघे टेकून छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती बांधवांसाठी विनंतीपत्र सादर केले. बंदी उठली नाही. पुढे तीस वर्षे, १७६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी कुंचला खाली ठेवला नाही.

फुलदाणी उलटी करून पाहिली, तर तळाशी चार अक्षरांत सम्राटाच्या राजवटीचे नाव आढळते. जिंगदेझेनच्या कुंभाराचे नाही, ब्रदर ग्राव्हरोंचेही नाही. आम्हांला मात्र ती गुलाबी फुले पाहताना, सम्राटापुढे गुडघे टेकलेला तो चित्रकार आठवल्यावाचून राहत नाही.