अर्दब, जोर आणि जाणती नजर

कोकणातल्या भाऊबंदकीची हकिगत ऐकावी ती रत्नागिरीच्या कोर्टाच्या आवारात. सामाईक कलमांच्या बागेवरून सुरू झालेला दावा सांगताना शह-काटशह येतात, कोणी कोणाला अर्दबात धरलेले असते आणि शेवटी कोणीतरी कोणावर मात करतो. सांगणाऱ्याने पटाला कधी हातही लावलेला नसेल, पण त्याची भाषा बुद्धिबळाची असते. यातला 'अर्दब' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. राजाला शह लागू नये म्हणून मध्ये उभे राहिलेले, आणि म्हणूनच जागचे हलू न शकणारे मोहरे म्हणजे अर्दब. तसाच 'जोर'. एका मोहऱ्याच्या पाठीशी दुसरे असेल तर त्याला जोर आहे असे म्हणतात. हे शब्द ना मोहऱ्याची नावे आहेत, ना घरांची. ती मोहऱ्यांमधल्या नात्यांची नावे आहेत. निष्णात खेळाडू पटावर नेमके काय पाहतो, या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात येथेच होते.

संस्कृतातल्या 'चतुरंग' या नावात सैन्य आहे. फारसीतून आलेल्या 'शतरंज'मध्येही त्याचाच अपभ्रंश आहे. मराठीने मात्र 'बुद्धिबळ' हे नाव स्वीकारले. नाव देखणे आहे, पण त्याने आपली एक समजूत पक्की केली: जो जिंकतो त्याची बुद्धी जात्याच बळकट, तो पुढच्या दहा-वीस खेळ्या मनात मोजतो, आणि ज्याला हे जमत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. जुन्या जाणकारांचा अनुभव वेगळा असावा. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले. त्यात उपदेशापेक्षा डावांतले पेचप्रसंगच अधिक आहेत, आणि शिकाऊ खेळाडूची सुधारणा व स्मरणशक्तीचा व्यायाम हा हेतू शीर्षकातच नोंदवला आहे. शास्त्रीबुवांना शिष्यासमोर एकामागून एक चित्रे ठेवायची होती.

याच गोष्टीला प्रयोगाचा आधार मिळाला तो हॉलंडमध्ये. आद्रियान द खरोट हा मानसशास्त्रज्ञ स्वतः उत्तम खेळाडू होता. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधाने बुद्धिबळाविषयीच्या समजुतीला धक्का दिला. थोर खेळाडू साधारण चांगल्या खेळाडूपेक्षा फार खोलवर मोजतात असे त्याला आढळले नाही. योग्य खेळी त्यांना आधी दिसते, मोजणी नंतर होते. एका प्रयोगात खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवून झाकली जाई आणि ती आठवून सांगायची असे. विश्वविजेता राहिलेला माक्स यूवे जवळजवळ संपूर्ण पट सांगू शके. सामान्य खेळाडूची मजल तिथवर जात नसे.

मग ही केवळ अचाट स्मरणशक्ती म्हणावी काय? अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली उत्तर दिले. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर निष्णाताला सुमारे सोळा मोहरी आठवत, नवशिक्याला चार. पण तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखुरली की निष्णाताचे श्रेष्ठत्व जवळपास नाहीसे होई. (पुढे १९९६ साली, थोडासा फरक तेव्हाही उरतो, असे दाखवले गेले.) म्हणजे त्याला सुटी मोहरी दिसत नाहीत, परिचित पुंजके दिसतात. या पुंजक्यांना बांधणारी नाती कोणती? कोण कोणाचे रक्षण करतो, कोण कोणावर मारा करतो, कोण शेजारी आहे, कोण एका रंगाचा वा एका जातीचा आहे. यातले पहिले नाते म्हणजे आपला 'जोर'.

पुढे मेंदूची छायाचित्रणेही झाली. २००१ सालच्या एका अभ्यासात हौशी खेळाडूंच्या मेंदूत नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाजवळ हालचाल अधिक दिसली, तर ग्रँडमास्टरांच्या मेंदूत ती पुढच्या व वरच्या भागांत, म्हणजे जुन्या साठ्याकडे वळल्यासारखी. २०११ साली मेरिम बिलालिच आणि सहकाऱ्यांनी असे नोंदवले की, चेहरे ओळखताना जागा होणारा मेंदूचा भाग पट पाहताना निष्णातांमध्ये अधिक काम करतो. यावर तज्ज्ञांत एकमत नाही. तरी कल्पना मोलाची आहे: गर्दीत ओळखीचा चेहरा आपण नाक-डोळे मोजून ओळखत नाही.

मात्र चेहरा ओळखीचा होण्यासाठी तो वारंवार दिसावा लागतो, आणि येथे प्रश्न केवळ मेंदूचा राहत नाही. कोकणी घराची ओटी पुरुषांची आणि माजघर बायकांचे. पट मांडला जाई तो ओटीवर. मग 'बायकांना बुद्धिबळ जमत नाही' हा निष्कर्ष सोयीस्करपणे निघे. त्याला उत्तर दिले मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी. 'नवाकाळ'कार नीळकंठ खाडिलकरांच्या या मुलींच्या घरी पट होता आणि तो त्यांच्यासाठीही होता. १९७४ सालची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक महासंघाच्या अध्यक्षांनी निर्णय दिला की स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. हे अध्यक्ष म्हणजे माक्स यूवे. ज्याची नजर द खरोटने तपासली होती, तोच. १९८१ साली रोहिणी आशियाची पहिली महिला विजेती झाली.

यूवेने निर्णय देताना तो जुना प्रयोग आठवला असेल, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की त्यांच्यातला जोर दिसतो. जाणती नजर जर पुन्हा पुन्हा पाहून घडत असेल, तर कोणाला पटापासून दूर ठेवणे म्हणजे ती नजर घडूच न देणे होय. आणि मग तिच्या अभावाला निसर्गाचा निवाडा म्हणणे हा तर उघड अन्याय. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी माणसे अशी अर्दबात उभी राहिली. त्यांच्यात बळ नव्हते असे नाही. त्यांना जागचे हलता येत नव्हते.