कंठमर्म आणि काळ

बारडोली म्हटले की 1928 चा सत्याग्रह आणि वल्लभभाईंना तेथे लाभलेले 'सरदार' हे नाव आठवते. आज मात्र त्या गावाचे स्मरण आम्हांस संक्रांतीच्या निमित्ताने होत आहे. 14 जानेवारीस साऱ्या सुरत जिल्ह्यात उत्तरायण साजरे होते. दुसरे दिवशी 'वासी उत्तरायण'. काचेची पूड चढवून गुलाबी रंगविलेला सुरती मांजा पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. धारेने तोही कापतोच. पण पुढे आलेला नायलॉनचा मांजा सहसा तुटत नाही, आणि वेगात येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या गळ्यात खोल शिरतो. बारडोलीवरून जाणारा सुरत–धुळे मार्ग असो की पतंगांसाठी ख्यात असलेले आपले येवले असो, भय एकच.

मानेची जखम एवढी भयंकर का, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 107 मर्मे सांगितली आहेत. त्यांपैकी 37 गळ्याच्या हाडाच्या वर आहेत. कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस दोन 'नीला' व दोन 'मन्या' आहेत. त्यांना इजा झाल्यास मुकेपणा येतो, स्वर बिघडतो. आठ 'मातृका' शिरांचा वेध झाल्यास तत्काळ मृत्यू. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रोआज पारे या शल्यवैद्याने एका जखमी सैनिकाच्या मानेतील मोठ्या रक्तवाहिन्या बांधल्या. सैनिक वाचला, पण त्याची वाचा गेली आणि एक अंग लुळे पडले. दोन्ही वर्णनांमागील कारण एकच होते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु मानेत प्राण आणि वाणी शेजारी नांदतात, हा दोहोंचा अनुभव समान आहे.

पुढील इतिहास हा विलंबाशी झालेल्या झगड्याचा आहे. 1956 साली अमेरिकेतील डॅलस येथील फोगेलमन व स्ट्यूअर्ट यांनी 100 रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ज्यांची मान तत्काळ उघडून तपासली त्यांतील शेकडा 6 दगावले. ज्यांच्या बाबतीत उशीर झाला वा शस्त्रक्रियाच झाली नाही त्यांतील शेकडा 35. त्यानंतर त्वचेखालचा पातळ स्नायू भेदला गेला की मान उघडावयाचीच, असा प्रघात पडला. पुढे असे दिसून आले की अनेकांची मान विनाकारण उघडली जाते. म्हणून आज रक्ताचा लोट चालू असेल, सूज वाढत असेल वा श्वास कोंडत असेल, तर रुग्णास थेट शस्त्रक्रियागृहात नेतात; तो स्थिर असेल तर सीटी स्कॅनने रक्तवाहिन्या पाहून मगच निर्णय घेतात. श्वासमार्ग सांभाळणे सर्वांआधी.

विलंब केवळ शस्त्रक्रियागृहाच्या दाराशीच होतो असे नाही. कायद्याच्या भीतीनेही होतो. परमानंद कटारा खटल्यातील स्कूटरस्वारास एका रुग्णालयाने उपचार न करता, पोलिसी प्रकरणे घेणाऱ्या सुमारे 20 किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे धाडले. तो वाटेतच मरण पावला. 28 ऑगस्ट 1989 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी वा खासगी, आद्य कर्तव्य आहे. पोलिसी सोपस्कार नंतर. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम येऊन मदतीस धावणाऱ्यासही संरक्षण मिळाले. मांजाबाबत 11 जुलै 2017 रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नायलॉन व अन्य कृत्रिम धाग्यांच्या मांजाची निर्मिती, विक्री, साठवण आणि वापर यांवर बंदी घातली.

तथापि न्यायालयाचा हुकूम गच्चीवरची फिरकी तपासावयास येत नाही. ते आपले काम. कोणी जखमी आढळलाच, तर स्वच्छ कापडाने जखमेवर थेट आणि सतत दाब द्यावा. गळ्याभोवती पट्टी आवळू नये, रुतलेली वस्तू उपटू नये, पाणी पाजू नये. 108 ला बोलवावे. नाव-गाव सांगावे लागेल म्हणून मागे सरू नये.

संक्रांत हा दानाचा पुण्यकाळ. देवळात तीळ वाहून परतताना एवढे मनात असू द्यावे, की आपण ज्या गोड बोलण्याचा आग्रह एकमेकांस करतो, ते बोलणे कोणाच्या तरी कंठातूनच यावयाचे असते.