एकवीस वर्षांची रेघ

लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, १८७८ साली, हिंदुस्थानासाठी हत्यारांचा कायदा झाला. हत्यार कशाला म्हणायचं याची यादी त्या कायद्यात दिली आहे. बंदूक, संगीन, तलवार, खंजीर, भाला, भाल्याचं पातं आणि त्यांच्याच ओळीत धनुष्यबाण. लगेच पुढे तोफ. डहाणू-तलासरीकडच्या वारल्याच्या घरात कुडाच्या भिंतीला अडकवलेला कामठा, म्हणजे धनुष्य, सरकारच्या कागदावर तोफेचा शेजारी होता.

मी वारली आहे. महसूल खात्यात नोकरी केली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. डहाणू आणि तलासरी या दोन्ही तहसील कचेऱ्यांत मी बसलो आहे. शस्त्र परवाना जिल्हाधिकारी देतात. पूर्वी ही कागदपत्रं ठाण्याला जायची, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाल्यापासून पालघरला जातात. पोलिसांचा अहवाल लागतो. शेतीच्या राखणीसाठी बंदूक मागितली असेल, तर सातबारा आणि पीक पाहून खातरजमा करायचं काम आमच्या टेबलावर यायचं. त्या निमित्ताने मी हे कायदे वाचले, आणि जुना कायदा नव्याशेजारी ठेवल्यावर आमच्या मुलखाचा शंभर वर्षांचा इतिहास मला त्यांच्यात दिसला.

१८७८ च्या कायद्यात परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी आहे, हत्यार घेऊन फिरायला बंदी आहे, दारूगोळा आणण्या-नेण्यावर बंधनं आहेत. शिक्षा आहेत. कुणाला या सगळ्यातून सूट द्यायची, याचे अधिकार सरकारकडे आहेत. सबंध कायद्यात एक गोष्ट कुठेही नाही, ती म्हणजे वय. किती वर्षांच्या माणसाने बंदूक धरावी, याबद्दल त्यात एक कलम नाही. कारण १८५७ नंतर सरकारच्या डोळ्यांपुढे प्रश्न एकच होता: हा माणूस आपला की परका? युरोपियनांना परवान्यातून सूट होती. संस्थानिकांना होती. पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले आणि वंशावर दिलेली सूट काढून टाकली. पदवी, हुद्दा आणि मानमरातब यांचं वजन मात्र राहिलं.

आता हा कायदा डहाणूच्या जमिनीवर ठेवून पाहा. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने डहाणू आणि उंबरगाव हा भाग अंशतः वगळलेल्या क्षेत्रात, म्हणजे सर्वसाधारण कायदे आपोआप लागू न होणाऱ्या आदिवासी भागात, गेला होता. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर १९३९ मध्ये अहवाल दिला. सावकारी आणि वेठ यांनी माणसं कशी बांधली गेली आहेत, ते एका सरकारी अधिकाऱ्याने सरकारलाच लिहून कळवलं. जंगलतोडीचा ठेकेदार, जमीनदार आणि गवताचा व्यापारी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला वारली, ज्याची जमीन गेलेली. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरचे लग्नगडी व्हायचे. अशा माणसाने परवाना मागायचा म्हणजे ठाण्याच्या कलेक्टरकडे अर्ज करायचा. तो अर्ज लिहिणार कोण? ओळख कोण देणार? पत कुठली दाखवणार? कायद्यात वारल्याला मनाई करणारा एकही शब्द नव्हता, आणि तसा शब्द लिहायची गरजही नव्हती. परवान्याच्या वाटेवर ज्या ज्या पायऱ्या होत्या, त्या सगळ्या मालकाच्या अंगणातून जात होत्या.

१९४५ च्या मे महिन्यात तलासरीकडच्या झरी गावी वारल्यांची परिषद झाली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी किसान सभेच्या वतीने लाल बावटा इथे आणला. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असा निर्धार झाला. तेव्हा तलासरीचा भाग उंबरगावकडे मोडत होता; उंबरगाव १९६० मध्ये गुजरातेत गेलं आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. १९४५ च्याच १० ऑक्टोबरला तलवाड्याला लोक गोळा झाले. गोदावरीबाईंच्या नावाने खोटा निरोप पसरवला गेला होता. आलेल्यांच्या हातात काठ्या होत्या, कोयते होते. समोर पोलिसांच्या बंदुका होत्या. गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. आमच्याकडे १० ऑक्टोबर हा हुतात्मा दिन म्हणून आजही पाळतात, आणि तलासरीच्या महाविद्यालयाला गोदावरी-शामराव परुळेकरांचं नाव आहे. त्या दिवशी बंदूक कुणाच्या हातात होती आणि कुणाच्या नव्हती, हे ठरवणारा कायदा तेव्हा ६७ वर्षांचा झाला होता.

त्याआधीच काँग्रेसने १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव केला. नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात होता. राज्यघटना लिहिताना मात्र तो हक्क घेतला गेला नाही. घटनेने दिलं ते शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य. तलवाड्याच्या हुतात्म्यांना कुठला हक्क हवा होता, असं मला कुणी विचारलं तर मी याच हक्काकडे बोट दाखवीन. त्यांना मजुरी हवी होती आणि जमून बोलायची मोकळीक हवी होती.

१९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचं नववं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. १६ वर्षं पूर्ण न झालेल्या कुणीही बंदूक किंवा काडतूस मिळवू नये, जवळ ठेवू नये, घेऊन फिरू नये. अशा मुलाला बंदूक विकणं हाही गुन्हा, आणि त्याला मनाई आहे हे माहीत असताना त्याची बंदूक दुरुस्त करून देणं हाही गुन्हा. लाठीसारखी निव्वळ घरच्या किंवा शेतीच्या वापराची वस्तू नव्या कायद्याने हत्यारातून वगळली. त्याच कायद्यातलं तेरावं कलम शेतकऱ्याचा विचार करतं. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच लांब, गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्याला, दुसरी काही अडचण नसेल, तर परवाना द्यावा असं ते सांगतं. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाला ही सवलत नाही. तिथे गरजेचं सबळ कारण अधिकाऱ्याला पटवावं लागतं.

वयाची रेघ १९८३ मध्ये पुढे सरकली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने १६ च्या जागी २१ आणले आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त तीनच बंदुका अशी मर्यादा घातली. २०१९ मध्ये ती तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली. वय मात्र २१ वरच राहिलं. १९८३ मध्ये मतदानाचं वयही २१ होतं. १९८९ मध्ये मतदान १८ वर आलं, बंदूक तिथेच थांबली. हे मला योग्य वाटतं. मत चुकलं तर पाच वर्षांनी दुरुस्त करता येतं.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने परवानाधारक दुकानदाराला पिस्तूल आणि त्याची काडतुसं २१ खालच्या गिऱ्हाइकाला विकायला बंदी केली, लांब नळीच्या बंदुकीसाठी मात्र १८ वर्षं ठेवली. आपल्या कायद्यात असा भेद नाही. ठासणीची असो की पिस्तूल, २१ म्हणजे २१. नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ठरावीक वयापासून देखरेखीखाली सरावाची सोय आहे.

कचेरीत या रेघेचा प्रश्न येतो तो मुख्यतः वारसाच्या वेळी. परवानाधारक वारला, मागे सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. घरचे म्हणतात, बंदूक बापाची, म्हणजे आता पोराची. कायदा म्हणतो, बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. आईने हवं तर स्वतःच्या नावाने परवाना मागावा, पण मुलगा २१ चा होईपर्यंत त्याचा अर्ज चालणार नाही. मोठ्या बागायतदाराच्या घरची माणसं आली तरी हेच उत्तर, पाड्यावरचा कुणी आला तरी हेच. ओळखी निघायच्या, फोन यायचे. पण जन्मतारीख कुणाच्या ओळखीने मागे सरकत नाही. टेबलावर बसलेल्या वारली कारकुनाला हे सांगताना बरं वाटत असे, हे मी मोकळेपणी लिहितो. ज्या मुलखात बंदूक एका वर्गाचीच होती, तिथे सगळ्यांना सारखी लागू होणारी पहिली अट वयाची होती. बाकी अटींमध्ये माणसाचं घर, जमीन, पत कुठून ना कुठून डोकावते. वयात डोकावत नाही.

दुसरा प्रश्न कचेरीत येत नाही, शेतात असतो. भात आणि नागली पोटरीला आली की रानडुकरं उतरतात. रात्रीची राखण कोण करतं? पुष्कळ घरांत पोरं करतात. माळ्यावर बसून हाकारे घालायचे, पत्रा वाजवायचा, गोफण फिरवायची. बापाच्या नावाने ठासणीची बंदूक असेल आणि बाप दमून झोपला असेल, तर ती पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात जाते. परवाना खरा, बंदूक खरी, आणि गुन्हाही खरा. ठासणीच्या बंदुकीत दारू किती भरायची याचा अंदाज मोठ्यांचाही चुकतो. अंधारात डुकराचा सुमार धरून झाडलेली बंदूक बांधावरून येणाऱ्या माणसाला लागू शकते. शिवाय वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे, डुक्कर मारायलाही वन खात्याची परवानगी लागते.

आमच्यात कामठा पोराला मोठ्यांच्या सोबतीने मिळतो. आधी आज्याच्या मागे रानात फिरायचं, बाण गोळा करून आणायचे, मग ओढायला शिकायचं. हात कधी तयार झाला, ते आजा ठरवतो. लहान वयात शिकायला माझी हरकत नाही, ते आमच्या रक्तात आहे. पण बाण सोडायला दंडात जोर लागतो, आणि तो जोर वाढत्या वयाबरोबरच येतो. बंदुकीच्या घोड्याला एका बोटाचा जोर पुरतो, तो आठ वर्षांच्या पोराकडेही असतो. म्हणून बंदुकीसाठी वय कुणीतरी बाहेरून ठरवावं लागतं, आणि ते कायद्याने ठरवलं हे चांगलं केलं.

माझ्या दोन मागण्या आहेत. परवान्याचं नूतनीकरण करताना घरात २१ खालची मुलं किती आणि बंदूक कुठे कुलपात असते, हे लेखी विचारावं आणि तपासावं. निवडणुकीत पोलीस ठाण्यात बंदुका जमा करून घ्यायची यंत्रणा आपल्याकडे आहे, तेव्हा हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. दुसरी मागणी वन खात्याकडे आहे. रानडुकराने केलेल्या नुकसानीची भरपाई पंचनाम्यानंतर त्याच हंगामात मिळावी. भरपाई वेळेवर आली, तर बाप पोराला रात्री माळ्यावर धाडणार नाही. तलवाड्याच्या पाच जणांनी ज्या मुलांसाठी गोळ्या झेलल्या, त्यांच्या नातवंडांना रात्री झोप आणि सकाळी शाळा मिळाली पाहिजे. एकवीस वर्षांची रेघ त्यासाठीच आहे, आणि ती सांभाळायचं काम कायद्याइतकंच आपलं, परवाना घेणाऱ्या बापांचं आहे.