तळटीप ७ : 'बायोच्या बोटांवर काजू उतला'

इब्रामपूरसारख्या पेडण्यातल्या गावांत ओले काजू सोलताना हे नित्याचेच. टरफलातले तेल बिब्ब्याच्या कुळातले, कातडी जाळणारे. पुढचे काम मात्र शरीराचे: तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात. लाली, उष्णता, सूज, ठणका ही चार लक्षणे रोमच्या सेल्ससने पहिल्या शतकातच नोंदवली. लेखकाची आजी सुजेला 'विष' म्हणते, ते पटत नाही. त्याच पेशी मेलेला भाग खाऊन जागा साफ करतात, मग कडेकडून नवी कातडी सरकत येते. फोड फोडू नये, हे मात्र तिचे अगदी बरोबर. काळा डाग कित्येक महिने राहू शकतो. – संपा.