देवाचे दान आणि दगडावरची शापवाणी

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्व ग्रामस्थांच्या व देणगीदारांच्या सहकार्याने पूर्णत्वास जात आहे, ही आनंदाची गोष्ट होय. देणगीदारांच्या नावांची शिळाही सभामंडपात बसणार आहे. देवाला दिलेले दान पुढच्या पिढ्यांनी मोडू नये म्हणून आपले पूर्वज काय तजवीज करीत, याविषयी चार शब्द लिहावेत, असे या निमित्ताने योजिले आहे. त्यांची मोठी तजवीज म्हणजे शाप.

शाप म्हटला की आपल्याला पुराणे आठवतात. श्रावणबाळाच्या मातापित्यांनी दशरथाला शाप दिला. शृंगी ऋषीच्या शापाने परीक्षित राजाला सातव्या दिवशी तक्षक डसला. दुर्वासांनी शकुंतलेला दिलेला शाप तर सर्वांना ठाऊक आहे. मात्र महाभारतातील मूळ कथेत तो नाही, कालिदासाने आपल्या नाटकात तो आणला. कथेतल्या शापाला बहुधा उःशाप असतो. दुष्यंताने आपली अंगठी पाहिली आणि त्याला सर्व आठवले. दानपत्रातल्या शापाला मात्र असा उःशाप नाही. दान मोडू नये, हाच त्यातून सुटण्याचा एक मार्ग.

जुने राजे जमीन किंवा गाव दान देत, तेव्हा ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. त्याला ताम्रपट म्हणतात. ताम्रपटाच्या शेवटी व्यासांच्या नावावर काही श्लोक असत. त्यांचा आशय असा की, भूमिदान करणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहतो आणि ते हिरावून घेणारा तितकीच वर्षे नरकात. आपण दिलेले असो वा दुसऱ्याने दिलेले असो, पाप सारखेच. यात राजनीती होती. राजा आज आहे, उद्या नाही. राज्य दुसऱ्या घराण्याकडे गेले तर नवा राजा जुन्याचे दान कशाला मानील? त्याच्यावर फिर्याद कोणाकडे करावयाची? म्हणून हा धाक येणाऱ्या राजांनाच उद्देशून घातलेला असे.

अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ चम्मक येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील ताम्रपट सापडला. त्याने एक हजार ब्राह्मणांना चर्मांक हे गाव दान दिले आणि त्यांनाही अटी घातल्या. त्यांनी राजद्रोह करू नये, चोरी व व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. तसे घडल्यास राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी होणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे बंधन एकट्या राजावर नव्हते, घेणाऱ्यावरही होते.

कोकणात शिलाहार राजांच्या काळी याहून उघड रीत निघाली. गधेगाळ नावाचे उभे दगड कोकणात व इतरत्रही आढळतात. दगडाच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे चित्र असते. चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालावे आणि जो मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होवो, असा त्याचा अर्थ. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही तो चित्रावरून कळे.

अलिबागजवळ अक्षी येथे असा प्रसिद्ध दगड आहे. देवीच्या बोडणासाठी दर शुक्रवारी नऊ कुवली धान्य द्यावे, अशी व्यवस्था त्यावर कोरली आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ असा ठरविला. काही अभ्यासक तो पुढचा मानतात. पण मराठीच्या प्रारंभीच्या लेखांत त्याची गणना होते. मुंबईत परळ येथे सापडलेला अपरादित्य राजाचा लेख शके ११०८ म्हणजे इ. स. ११८७ चा आहे. त्यातील दानाचा मजकूर संस्कृत आहे, पण शेवटची शापवाणी मराठीत आहे. दान राजभाषेत दिले, धाक मात्र लोकांच्या भाषेत घातला!

पुढे मराठी सनदांत ‘हिंदूस गाईची आण, मुसलमानास सुवराची आण’ अशी शपथ येऊ लागली. कचेरीत नोकरी करणाऱ्यास जुन्या सनदांतले ‘आचंद्रार्क’ आणि ‘वंशपरंपरेने’ हे शब्द नवे नाहीत.

या शापवाणीबद्दल अभिमान बाळगावा की लाज वाटावी? माझ्या अल्पमतीप्रमाणे दोन्ही. दान टिकावे ही तळमळ मोठी होती. परंतु अपराध एकाचा आणि विटंबना त्याच्या आईची, हा न्याय नव्हे. ज्या माउलीचा दानाशी वा चोरीशी काडीचा संबंध नाही, तिला दगडावर कोरून ठेवावे, हे आज कोणालाही पटणार नाही.

काळ लोटला, लेख वाचणारे उरले नाहीत आणि त्या दगडांचे नशीब फिरले. कोठे लोक त्यांना अशुभ मानून टाळू लागले, तर कोठे देव समजून शेंदूर लावू लागले. दगडाचे भय राहिले आणि त्यावर लिहिलेले दान मात्र विसरले गेले. अंधश्रद्धा म्हणतात ती हीच. आजही घरात आजारपण आले, मूल दगावले की ‘कोणाचा तरी शाप भोवला’ असे म्हणून बिचाऱ्या एखाद्या विधवेकडे बोट दाखविणारे भेटतात. रोग्याला दवाखान्यात न्यावे. कोणा बाईला दोष देऊ नये. करणी-भानामतीच्या नावाने लोकांना छळणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदाही झाला आहे.

आपल्याला जवळचा आदर्श पंढरपूरचा वाटतो. तेथे विठ्ठल मंदिरातील चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७, या काळात मंदिरासाठी दान देणाऱ्यांची नोंद आहे. यादव राजा रामदेवराव व हेमाद्रि पंडित यांची नावे त्यात आहेत आणि त्यांच्याबरोबर इतर भक्तांचीही. कोणी काय दिले, हे चारचौघांत लिहून ठेवले म्हणजे ते नाकारणे कठीण जाते.

आज दान राखण्याचे काम कागद करतो. देवस्थान इनाम जमिनीची नोंद सातबाऱ्यावर असते आणि ती परवानगीवाचून विकता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम हा मूळ १९५० चा कायदा आहे. त्याप्रमाणे विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. परंतु नोंद पाहिलीच नाही, हिशेब मागितलाच नाही, तर कायदाही त्या शेंदूर लावलेल्या दगडासारखाच मुका राहतो.

म्हणून सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती की, मंदिराच्या जमिनीचा सातबारा वर्षातून एकदा पाहावा व देणगीचा जमाखर्च चावडीवर वाचून दाखविला जावा. विश्वस्तांनीही तो हौसेने दाखवावा, कारण चम्मकच्या ताम्रपटाप्रमाणे बंधन दोन्ही बाजूंना आहे. रोजगारातला दिवस देणाऱ्या मजुराचे दान आणि मोठ्या देणगीदाराचे दान देवापुढे सारखेच. दोन्ही राखणे आपल्याच हाती आहे.

आपल्या नव्या शिळेवर शाप कोरण्याची गरज नाही. नावे स्वच्छ अक्षरात असावीत आणि हिशेबही तितकाच स्वच्छ असावा, अशी ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.